एक जूनच्या दोन मंगला

मी चुकांची फाइल बोलतेय. मला पानं नाहीत, पुठ्ठा नाही. नाशिकमधल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या संगणकात मी राहते. इथं कुणी नवीन कामाला लागलं, की एक प्रणाली त्याचं खातं उघडते. खातं असेल तरच बोट टेकवल्यावर दार उघडतं आणि हजेरी लागते. खातं उघडताना काही अडलं, तर ते माझ्यात लिहिलं जातं.

माझं आयुष्य एका महिन्याचं. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला मला पुसून कोरं करतात. आज तो दिवस आहे आणि साडेअकरा वाजलेत. म्हणून घाईनं सांगते.

माझ्यासारख्या सगळ्या फायलींचा साचा घडवला अश्विननं; पुसल्यावरही एवढी आठवण मागे राहते. पंचवटीतून स्कूटरवर यायचा, काम करता करता चिवडा खायचा, निम्मा कीबोर्डवर सांडायचा. त्यानं आमच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी सक्तीच्या केल्या: केव्हा झालं, कुणाचं झालं, का झालं, बदल कुणी केला. ‘चूक झाली तर झाली, पण ती कुणाला तरी दिसली पाहिजे,’ असं तो म्हणायचा. आम्हाला वाटलं, माणसं आम्हाला रोज वाचतील.

अश्विन नोकरी सोडून गेला. संगणक विभाग राकेश सरांकडे आला. सर वाईट नाहीत. त्यांना फक्त लाल रंग खपत नाही. चूक आली की भिंतीवरचा संगणकाचा पडदा लाल व्हायचा आणि वरचे साहेब विचारायचे. मग सरांनी ठरवलं, तीच चूक पुन्हा आली तर मोजायची नाही. प्रत्येक चुकीबरोबर आमच्याकडून जाणारे मेल त्यांनी एका कप्प्यात वळवले. कप्प्याचं नाव ‘नंतर बघू’. तिथं आज चार हजारांवर मेल न वाचलेले पडलेत. पडदा मात्र हिरवागार.

दोन तारखेला नामपूरच्या मंगला रामदास अहिरे आया म्हणून रुजू झाल्या. आठ महिने यादीत वाट पाहून मिळालेली जागा. सात दिवसांत हजेरी लागली नाही, तर ती यादीतल्या पुढच्या बाईला जाणार.

प्रणालीनं त्यांचं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली आणि नकार दिला. ‘हे खातं आधीच आहे.’ कारण तिसऱ्या मजल्यावर सायखेड्याच्या मंगला रामदास अहिरे सहा वर्षांपासून काम करतात. दोघींची जन्मतारीख एक जून, सालही एकच.

माणसं जुळवायचा हा नियम बाहेरून तयार आला होता. तो लिहिणाऱ्यांना काय ठाऊक, की शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली, तर आपल्याकडचे गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे! कागदावर गावंच्या गावं त्या दिवशी जन्मली आहेत.

नव्या माणसांची खाती उघडायच्या खिडकीवर तेजल होती. नोकरीला लागून तिला नऊ महिने झालेले.

“मावशी, तुमचं खातं आधीच आहे. संगणक म्हणतो, तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात.”

“ती दुसरी शे, ताई! मी आठे तुमच्यासमोर उभी शे ना! त्याले सांगा, खाले उतरीसन देख.”

रांग हसली. मी एक ओळ लिहिली. मावशी रोज आल्या, मी रोज ओळ लिहिली. पडदा हिरवाच राहिला.

सातव्या दिवशी तेजलनं मला पहिल्यांदा उघडलं. सगळ्या ओळी वाचल्या आणि ती राकेश सरांकडे धावली. मावशी मागोमाग.

“सर, नियमच चुकीचा आहे. आधार क्रमांकावरून जुळवायला हवं.”

“त्याला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. पंधरा दिवस जातील. दोन जून टाक, होऊन जाईल.”

“पण सर, ते खोटं आहे.”

“आणि एक जून खरं आहे का?”

दारातून मावशी म्हणाल्या, “टाका ताई. गुरुजींनी एक तारीख दिली, तुम्ही एक द्या. मले आत जाऊ द्या म्हंजे झालं.”

तेजलनं दोन जून टाकलं. दार उघडलं. मी लिहिलं: जन्मतारीख बदलली. बदल करणारी, तेजल.

काल कागदपत्रांची तपासणी झाली. मावशींच्या दाखल्यावर एक जून, खात्यात दोन जून. खातं थांबलं. आज सकाळी मावशींनी बोट टेकवलं, पुसून पुन्हा टेकवलं. दार उघडलं नाही. राकेश सर फोनवर म्हणाले, “बाईंनीच चुकीची तारीख दिली असणार. काढायचं पत्र तयार करा.” सरांना आठवत नाही, की आठवायचं नाही, ते मला ठाऊक नाही. मनातलं मला लिहिता येत नाही.

तेजल आता माझ्यासमोर बसली आहे. ती ओळ उघडी आहे. ओळीत तिचं नाव आहे. सरांचं कुठंच नाही, कारण ते फक्त बोलले होते. माझ्या ओळी छापल्या तर मावशींची जागा वाचू शकते, आणि तेजलची चौकशी होऊ शकते. गप्प बसली तर बाराला मी जाईन आणि तिचं नावही माझ्याबरोबर जाईल. बाहेर बाकावर मावशी डबा मांडीवर घेऊन बसल्यात.

छाप, तेजल. मला रागानं सांगावंसं वाटतंय, मोठ्यांदा सांगावंसं वाटतंय. पण मला आवाज नाही. मला फक्त ओळी आहेत.

अकरा छप्पन. प्रिंटर कुरकुरला. तीन पानं निघाली. तेजल उठली आणि सरांच्या खोलीकडे न जाता आधी बाकावर मावशींशेजारी जाऊन बसली. तिनं मला वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून, तारखांसकट, स्वतःच्या नावासकट.

“म्हंजे चूक मनी नव्हती ना, ताई?”

“नाही मावशी. आमची होती. शेवटची तर माझीच.”

मावशींनी तिचा हात धरला. दोघी सरांच्या खोलीकडे निघाल्या. आत काय होईल, ते पाहायला मी नसेन. उद्या माझ्या जागी नवी कोरी फाइल येईल. एवढंच करा, तिला उघडत जा. तिच्यातल्या प्रत्येक ओळीच्या टोकाला कुणीतरी दाराबाहेर उभं असतं.