दांडा हलका लागला तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी ट्रॉली आहे. दोन चाकं, एक लोखंडी हौदा, पुढे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला गाडीच्या हुकात अडकवायची कडी, एवढाच माझा संसार. मला ट्रेलर म्हणू नका. ट्रेलर म्हटलं की पनवेलच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उरणच्या बंदरावरून येणारे ते अजस्र कंटेनर उभे राहतात आणि त्यांच्या पंक्तीला बसायची माझी ऐपत नाही. माझा रंग पिवळा आहे. अंगावर ऐटबाज अक्षरांत 'पूर्वी साऊंड' लिहिलं आहे. एवढं नटूनथटून उभी असूनही माझा आवाज का कापतो आहे, असं तुम्ही विचाराल. कापणारच! कर्नाळ्याच्या उतारावर त्या दिवशी जे झालं, ते माझ्याच अंगावर झालं, तरी मला अजून खरं वाटत नाही.

मला रुबेनकाकांनी बनवलं. पनवेलमधल्या एका बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू घरातले हे गृहस्थ, कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. घरामागच्या शेडमध्ये हौसेने वेल्डिंग करत बसायचे. शनिवार हा त्यांच्या धर्मात विसाव्याचा वार, तो आला की मात्र हत्याराला हात लावायचे नाहीत. त्यामुळे एका शनिवारी मी एकाच चाकावर लंगडत पडून होते आणि शेजारची मांजरं माझ्यावरून ये-जा करत होती. माझी चाकं त्यांनी बरोबर मधोमध बसवली नाहीत, थोडी मागे बसवली. मालाचा काही भार दांड्यावर यावा, म्हणजे मी गाडीच्या मागे सुतासारखी सरळ चालेन, हा त्यांचा हिशेब.

मला न्यायला आला काशिराम, मिठागरवाला. रुबेनकाका त्याला म्हणाले, "काशिराम, भरलेल्या ट्रॉलीचा दांडा उचलताना तोंडातून 'आई गं' निघालं पाहिजे. नाही निघालं तर समज, माल मागे गेलाय."

काशिराम हसला. "आमच्या बैलगारीचं पन तसंच हाय काका. गारी उलाल झाली का बैल पाऊल टाकीत नाय."

गाडीच्या मागच्या अंगाला भार जास्त झाला की ती उलाळते. पुढचं जू वर उचललं जातं आणि गळ्याखालचा पट्टा बैलाला काचतो. बैल बिचारा तिथेच अडून राहतो.

निघता निघता काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "जोरात जाताना ही कधी डुलायला लागली, तर ब्रेक मारायचा नाही. रेसवरचा पाय काढायचा, स्टेअरिंग सरळ धरून ठेवायचं. वेग उतरला की आपोआप शांत होते." काशिरामने मान हलवली, या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. त्याचा ट्रॅक्टर कुठे जोरात पळत होता? त्याला सायकलवाले मागे टाकत.

माझी उमेदीची वर्षं मिठात गेली. पहिली गोणी नेहमी दांड्याजवळ, मग बाकीच्या. काशिरामने तो नियम कधी मोडला नाही. खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा खाल्ला, पण काशिराम मला संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचा, कडीला तेल द्यायचा. गावात म्हणत, काशिरामची ट्रॉली म्हणजे काशिरामची दुसरी बायको. पहिली बायको मालू, ती हे ऐकून फणकारायची आणि मला येता-जाता लाथ मारायची.

मग विमानतळ आला. मिठागर गेलं, ट्रॅक्टर गेला आणि मी घरामागे पडले. माझ्या हौद्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. दांड्याला ठेचकाळून मालू मला शिव्या घालू लागली. त्या ऐकूनसुद्धा बरं वाटायचं हो, कुणीतरी आपल्याशी बोलतंय म्हणून.

तिथून मला बाहेर काढलं काशिरामच्या मुलाने, निकेशने. त्याने आणि त्याची बायको पूर्वी हिने लग्न-हळदीसाठी साऊंडचा धंदा काढला. नवे टायर, नवा रंग, जीपच्या मागे जागा. काय माझा थाट! आमच्याकडे वरातीत जीप आणि मी पुढे चालतो, माणसं आमच्या मागे नाचतात. म्हणून ते मोठमोठे स्पीकर माझ्या अगदी मागच्या कडेला, मागे तोंड करून उभे राहतात. वरात मुंगीच्या पावलांनी चालते, तेव्हा त्याने काही बिघडत नाही. पण काशिरामचा हट्ट असे की वरात संपली की स्पीकर दांड्याकडे सरकवायचे, मगच मोठ्या रस्त्याला लागायचं.

हे सरकवणं कंटाळवाणं काम. एकदा निकेश चारचौघांत खेकसला, "बाबा, ही बैलगाडी नाय! जीप हाय, पावर हाय!" चारजण हसले. त्या दिवसापासून काशिराम माझ्याजवळ फिरकेना. मला फार लागलं ते.

आणि मग आपट्याचं लग्न आलं. आपटा मालूचं माहेर, भाच्याचं लग्न, म्हणून सगळं घर निघालं. मालूच्या मांडीवर तान्ही नात, निकेश-पूर्वीची चिऊ. सकाळी वरात दणक्यात झाली. संध्याकाळी उलव्याला दुसरी ऑर्डर होती. जेवणं उशिरा आटोपली, निकेशची घाई सुरू झाली आणि स्पीकर जिथे होते तिथेच बांधले गेले.

पूर्वीने मला जीपला जोडायला दांडा उचलला आणि ती खुदकन हसली. "अय्या, आज किती हलकी लागतेय! एका हातानं उचलली!"

"वहिनीची ताकद बघा!" मांडवातून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

एवढ्यावर भागलं नाही. मालूच्या भावाने बहिणीसाठी तांदळाच्या गोण्या आणल्या. मालू म्हणाली, "मागंच टाक रं दादा. पुढं कोन चढतंय?" गोण्या माझ्या शेपटाशी येऊन पडल्या आणि माझा दांडा जीपच्या हुकाला खालून वर ढकलू लागला. काशिराम दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याची नजर गोण्यांवर गेली, मग दांड्यावर गेली. त्याने तोंड उघडलं, निकेशकडे पाहिलं आणि मिटलं. मग मुकाट्याने जीपमध्ये जाऊन बसला.

गावच्या रस्त्याला काही जाणवलं नाही. गोवा हायवेला लागलो तरी काही नाही. कर्नाळ्याची खिंड ओलांडली, पनवेलच्या बाजूचा उतार लागला आणि निकेशचा पाय जड झाला. काटा नव्वदच्या घरात गेला. तेवढ्यात शेजारून एक भला मोठा कंटेनर सुसाट पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने मला ढकललं. माझं शेपूट डावीकडे गेलं, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. मला वाटलं, थांबेल आता. थांबेना! जीपने मला ओढायचं, तर मीच जीपला कुत्र्याच्या शेपटासारखी झटकू लागले. माझं अंग माझ्या ताब्यात राहिलं नव्हतं.

"निकेश, थांबव!" मालू किंचाळली.

"ब्रेक नको!" काशिराम ओरडला. रुबेनकाकांचं ते सोडून दिलेलं वाक्य त्याला तेव्हा आठवलं. पण निकेशचा पाय ब्रेकवर पडला होता. जीप थबकली, मी थबकले नाही. जीपला वळसा घालून मी पुढे आले, कठड्यावर घासले, ठिणग्या उडाल्या आणि सगळं थांबलं तेव्हा जीपचं तोंड परत कर्नाळ्याकडे होतं. मागून येणाऱ्या गाड्या कर्कश्श आवाज करत कशाबशा थांबल्या.

त्यानंतर जी शांतता झाली, ती मी जन्मात विसरणार नाही. मालूची मांडी रिकामी होती. चिऊ सीटच्या खाली गेली होती आणि रडत नव्हती. पूर्वी दार उघडून मागे धावली, तिचे हात सीटखाली चाचपडत होते. रड ग बाई, रड, असं माझा पत्रान्‌पत्रा म्हणत होता.

आणि चिऊने टाहो फोडला. मालूच्या पायांवर गोधडीसकट घसरत गेली होती, म्हणून वाचली. खरचटलंसुद्धा नव्हतं.

मला बाजूला घ्यायला काशिरामने कडीचा खिळा काढला. कडी सुटली मात्र, माझा दांडा सट्‌दिशी आभाळाकडे गेला आणि शेपूट धाडकन रस्त्यावर आपटलं. निकेश तोंडावर हात ठेवून बघतच राहिला. एवढी उलाळ गाडी घेऊन आपण त्या वेगाने आलो, हे त्याला त्या क्षणी दिसलं. तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

"बैल असता तं आपट्यालाच अडला असता," काशिराम म्हणाला. "जीप काय सांगत नाय रं. ती पलत र्‍हाते."

निकेश रडत होता. काशिराम त्याच्या शेजारी बसला. "मला दिसत होतं. तू मागं बोललास, तं मनात धरून बसलो. पोरीला काय झालं असतं, तं ह्यो रुसवा घेऊन मी कुठं गेलो असतो?"

मग सगळ्यांनी मिळून, थांबलेल्या गाड्यांतल्या माणसांनीसुद्धा, माल उतरवला. गोण्या दांड्याजवळ आल्या, स्पीकर पुढे सरकले, दोर आवळले गेले. पूर्वीने पदर खोचून दांडा उचलला.

"आई गं!" ती कण्हली.

कुणी हसलं नाही. काशिरामने डोळे पुसले आणि म्हणाला, "आता चला."

आम्ही चेपलेल्या पत्र्याने, निम्म्या वेगाने निघालो. पळस्प्याच्या अलीकडे पुन्हा एक कंटेनर शेजारून गेला आणि मी जराशी थरारले. निकेशने रेसवरचा पाय काढला, स्टेअरिंग सरळ धरलं, ब्रेककडे पाय नेला नाही. मी शांत झाले. उलव्याची वरात आमची वाट बघत ताटकळली, आम्ही खूप बोलणी खाल्ली, पण निकेश कुणाला उलटून बोलला नाही.

आता निघण्याआधी निकेश स्वतः वडिलांना हाक मारतो, "बाबा, बघून घ्या." काशिराम येतो, मला धुतोही. मालूची लाथ बंद झाली आहे. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या कितीजणी तुमच्या गाड्यांमागे धावत असतील. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त दांड्यातून सांगतो. दांडा हलका लागला तर हसू नका, माल पुढे घ्या, आणि आम्हाला घेऊन उतारावर शर्यत लावू नका. दांडा उचलताना 'आई गं' म्हणायला लागलं तर म्हणा, कंबरेत कळ आली तर येऊ द्या. चिऊचं ते न रडणं पुन्हा ऐकायची ताकद माझ्या लोखंडात नाही.