सासुरवाडीचा सदरा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत युद्ध नाही, राजा नाही आणि खलपुरुष तर औषधालाही सापडणार नाही. रोहे गावच्या एका मोहल्ल्यातील कन्या आपल्या परदेशी पतीसह नोकरीनिमित्त समुद्रापलीकडे कशी निघाली, निघताना तिची अर्धी बॅग रिकामी का राहिली, आणि त्या रिकामेपणाचे कारण अखेर तिच्या पतीच्या अंगावर कसे प्रकट झाले, एवढाच या कथेचा विस्तार आहे. वाचकांनी ती चित्त स्थिर करून वाचावी. मध्येच हसू आल्यास लेखकाची हरकत नाही.

सिदरा मुकादम ही अय्यूब मुकादम यांची धाकटी कन्या. विज्ञान शाखेची पदवी प्राप्त करून ती वडखळजवळील एका कंपनीत पाणी तपासण्याच्या कामावर लागली होती. त्याच कंपनीत याकुबू नावाचा तरुण बॉयलर सांभाळीत असे. तो आफ्रिका खंडातील घाना देशाच्या उत्तर भागातला. वर्णाने काळाभोर आणि उंचीने एवढा की रोह्यातील प्रत्येक दाराने त्याच्या कपाळाची एकदा तरी परीक्षा घेतली होती. पुण्यास शिकावयास आला आणि शिक्षण संपले तरी परत गेला नाही. बॉयलरच्या पाण्याचा नमुना घेऊन तो रोज सिदरासमोर उभा राही.

"पाणी कालच्यासारखंच आहे," सिदरा सांगे.

"उद्या परत बघू," तो म्हणे.

अशा रीतीने उद्या उद्या करता करता एके दिवशी निकाह झाला. मोहल्ल्यात कुजबुज झाली नाही असे म्हणणे असत्य ठरेल. "अय्यूबभायने जावई एवढ्या लांबून आणला की वऱ्हाडाला विमान लागलं," असे कोणी म्हणाले. खुद्द अय्यूबभाई, ज्यांचे तारुण्य कुवेतच्या उन्हात सरले होते, काही काळ जावयाशी फक्त हवामानाविषयीच बोलत. परंतु ज्या दिवशी याकुबूने बोंबलाचे कालवण पुन्हा पुन्हा मागून घेतले, त्या दिवशी त्यांचे अंतःकरण लोण्यासारखे विरघळले.

आता उभयतांना मस्कत येथे, समुद्राचे खारे पाणी गोड करणाऱ्या कंपनीत नोकरी मिळाली होती. पेणची भाड्याची खोली सोडून ती दोघे निघण्यापूर्वी रोह्यास सिदराच्या माहेरी येऊन राहिली. सिदराची नोकरी सुटली होती. याकुबूच्या काही शिफ्ट उरल्या होत्या, म्हणून तो रोज सकाळच्या गाडीने पेणला जाई व तेथून कंपनी गाठी.

इथे मोहल्ल्याची एक रीत वाचकांस सांगणे अगत्याचे आहे. कोणीही आखातात निघाला की ज्यांची पोरे तिकडे आहेत त्या आया त्याच्याजवळ बोचके देतात. बोचक्यात जवळ्याची चटणी, सुके वाल, नारळाच्या वड्या, ज्याला जे आवडेल ते. आणि ते बांधावयाचे ते घरातल्याच एखाद्या जुन्या कापडात. त्यावर नाव लिहावयाचे नाही. लेक कापड पाहूनच आपले बोचके ओळखतो. नाव लिहिणे म्हणजे लेक आईची ओढणी विसरला असे मानणे होय. म्हणून जाणारा माणूस अर्धी बॅग मोकळी ठेवतो. मात्र ज्याला मोहल्ला आपला समजतो त्यालाच बोचके मिळते. परक्याला सलाम मिळेल, चहा मिळेल, बोचके मिळणार नाही.

सिदराने अर्धी बॅग मोकळी ठेवली. तिच्याकडे एकही बोचके आले नाही.

"आई, कोणीच आलं नाय," ती मलिकाबींना म्हणाली.

"येतील गो."

"नावेद गेला तेव्हा कितीतरी आधीपासून दारात रांग होती."

"नावेद माझा भाचा असला तरी खरं सांगते, तो तोंडाचा मोठा. घरोघर जाऊन मागत फिरला."

"मग मी पण मागू?"

"बोचकं मागायचं नसतं. आपसूक येतं."

"नावेदने मागितलं ते?"

"त्याला लाज नाय!"

अय्यूबभाई रोज ताणकाटा आढ्याला टांगून बॅग जोखीत. परदेशगमनाच्या विषयात आपल्याएवढा जाणकार सबंध रोहे तालुक्यात नाही, असा त्यांचा विश्वास होता. "अर्धी बॅग हवेने भरली हाय," ते काट्याकडे डोळे बारीक करून म्हणाले. "एवढी हलकी बॅग घेऊन गेलीस तर मस्कतवाले म्हणतील, ही कोकणची नाय, चुकून आली." त्यांनी विनोद केला होता. सिदरा मात्र आत गेली आणि कपाटाच्या दाराआड ओढणीने डोळे पुसू लागली. बॅग हलकी असल्याचे तिला दुःख नव्हते. ज्या गल्लीत ती रांगायला शिकली त्या गल्लीने आपल्या नवऱ्याला अजून पाहुण्याच्या खुर्चीवरच बसवून ठेवले आहे, हे शल्य तिच्या काळजात काट्यासारखे रुतले होते.

त्यात शेजारच्या नफिसा खाला रस्त्यात भेटल्या. त्यांचा फैजल मस्कतलाच होता. "काय गो सिदरा, तुझा नवरा लय सांभाळून चालतो हो हल्ली!" असे म्हणून त्यांनी डोळा मिचकावला. सिदराला वाटले, हा दारावर कपाळ आपटण्यावरून टोमणा असावा.

ही व्यथा तिने याकुबूला सांगितली नाही. त्याला रीत ठाऊकच नव्हती. न मिळालेल्या वस्तूचे दुःख त्याला उगाच कशाला द्यावे? तो मात्र दिवसेंदिवस अधिकाधिक प्रसन्न दिसू लागला. संध्याकाळी पेणहून परतला की जेवणाकडे पाहून पोटावरून हात फिरवी.

"जेवत का नाही?"

"पेणमध्ये पोट भरला. पेण फार चांगला गाव."

"पेणमध्ये कोण जेवायला घालतं तुला?"

यावर तो नुसता हसे आणि शीळ घालीत हात धुवावयास जाई.

अखेर प्रस्थानाचा दिवस उजाडला. विमान रात्रीचे होते. याकुबू "एक काम" एवढेच सांगून सकाळच्या गाडीने पेणला गेला. सिदरा रिकाम्या जागेत उशी कोंबीत होती, कारण बॅग वाकडी होत होती. इतक्यात नफिसा खाला दारातूनच ओरडल्या, "काय गो, माझं बोचकं खालच्या अंगाला ठेवलंस ना? चटणीचं तेल सुटलं तर तुझे कपडे जातील."

"कसलं बोचकं, खाला?"

"कसलं म्हणजे? फैजलचं! माझ्या निळ्या ओढणीतलं. याकुबूच्या हातात दिलं ना मी, स्टेशनच्या वाटेवर!"

सिदराच्या हातातील उशी गळून पडली. "याकुबूच्या? माझ्याकडे का नाय दिलं?"

"तुझ्याकडे कशाला? तू तर आमचीच. त्याच्या हातात द्यायचं होतं. सगळ्या बायांनी तेच ठरवलं, बोचकं जावयाच्या हातातच द्यायचं. रोज सकाळी गाडीला निघाला की कोणी ना कोणी गाठायची त्याला. म्हटलं, घेऊन जा, जावईबापू. तो पण कसा, दोन्ही हातांनी घ्यायचा नि छातीशी धरायचा! आम्ही समजलो, मांजरांच्या भीतीने पेणला कंपनीच्या कपाटात ठेवतो."

वाचकहो, त्या क्षणी सिदराची जी अवस्था झाली तिचे वर्णन करण्यास लेखणी असमर्थ आहे. आनंदाने तिचे पाय जमिनीला लागेनात. तिने खालांना मिठी मारली, मलिकाबींना मिठी मारली, आणि अर्ध्या रिकाम्या बॅगेलाही मारली. मोहल्ल्याने त्याला कधीच आपला म्हटले होते! आणि तिलाच तेवढे कळले नव्हते! परंतु दुसऱ्याच क्षणी तिला पेणमध्ये भरणाऱ्या त्या पोटाचे स्मरण झाले आणि तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"या अल्लाह," ती म्हणाली, "त्याने खाल्लं."

"काय खाल्लं?"

"सगळ्यांचं सगळं."

तोवर गल्लीत एकच गलका झाला. सिदरा धावत ओट्यावर आली. स्टेशनकडून याकुबू येत होता, आणि त्याच्या अंगात असा सदरा होता की तसा रोह्याने पूर्वी पाहिला नव्हता व पुढेही पाहील असे वाटत नाही. गुडघ्यापर्यंत घोळदार, रुंद बाह्यांचा, आणि नाना रंगांच्या पट्ट्या एकमेकींस जोडून शिवलेला. उजवी बाही निळी. डावीवर पिवळी फुले. छातीवर चौकडा. तो एखाद्या नवरदेवासारखा, दोन्ही बाजूंना सलाम करीत येत होता.

"अगो, ती माझी ओढणी!" नफिसा खाला किंचाळल्या.

"पाठीवर माझ्या पलंगाची चादर हाय!" समोरच्या घरातून कोणी ओरडले.

अय्यूबभाई चष्मा सावरीत पुढे झाले आणि जावयाच्या खिशाला हात लावून थबकले. "हा खिसा माझ्या लुंगीचा हाय. मलिका! लुंगी चोराने नेली म्हणालीस ना?"

"जुनी झाली होती," मलिकाबी पदराआडून म्हणाल्या. "नावेदच्या बोचक्याला लागली. म्हणून तर मी सिदरासमोर बोचक्यांचं नाव काढलं नाय."

"जुनी? ईदला घेतली होती!"

याकुबू सर्वांकडे हर्षाने पाहत उभा होता. "पेणच्या टेलरने शिवला," तो म्हणाला. "आमच्या गावाला पण माणूस लांब जातो, तेव्हा लोक खाणा देतात. खा, ताकद घे. कपडा देतात. अंगावर घाल, आम्हाला विसरू नको. आमचा सदरा असाच असतो, पट्टी पट्टी जोडून. तुम्ही रोज खाणा दिला, रोज कपडा दिला. मी घरी बोललो नाही. आज दाखवायचा होता."

सिदराला धरणी पोटात घेईल तर बरे, असे वाटले. तिने पुढे होऊन त्याला हळूच रीत सांगितली. बोचकी तिकडच्या पोरांसाठी होती हे ऐकताच त्याचे तोंड उघडे पडले ते मिटेना.

नफिसा खाला कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे डोके त्याच्या खिशापाशी येत होते.

"माझी चटणी खाल्लीस?"

"हो, खाला."

"सगळी?"

"शिफ्टमध्ये वाटली. प्रविणने बोटे चाटली. रोहिणीताईने डबा पुसून घेतला."

"तिखट कशी होती?"

याकुबूला असत्य बोलणे जमत नसे. "मी रडलो," तो म्हणाला. "मग अजून घेतली."

खालांच्या ओठांचा कोपरा आधी थरथरला, मग गाल, आणि मग सबंध देह. त्या हसत हसत ओट्यावरच बसल्या. "फैजलचा बाप पण लग्नानंतर असाच रडला होता!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पाहुणा पानातलं टाकतो गो. दुसऱ्याचं बोचकं खातो तो घरचाच!" आणि गल्लीभर हास्याची अशी लाट उठली की छपरावरचे कावळे उडून गेले.

तेवढ्यात कोणीतरी शंका काढली, "पण आता पोरं ओळखतील कशी? कापडं तर याच्या अंगावर." याकुबू तत्काळ गुंड्या सोडू लागला. खालांनी झडप घालून त्याचा हात धरला. "खबरदार! एक टाका उसवलास तर मस्कत राहिलं बाजूला, तुला रोह्याच्या वेशीबाहेर जाऊ देणार नाय!"

मग काय विचारता! गल्लीतील प्रत्येक चूल पेटली. कुठे जवळा भाजला जात होता, कुठे नारळ खवला जात होता, आणि मिरचीच्या खकाण्याने सबंध मोहल्ला एका सुरात शिंकत होता. याकुबूला पाट्यासमोर बसवून चटणी वाटावयास लावले. हीच त्याची शिक्षा ठरली. सदरा खराब होऊ नये म्हणून बायांनी त्याला वरून मलिकाबींचा जुना परकर गुंडाळला. बोचकी आता साध्या पिशव्यांतून येऊ लागली. बॅग भरली, फुगली, आणि ताणकाट्याचा काटा मर्यादा ओलांडून गेला.

"आता ही बॅग कोकणची झाली!" असे गर्जून अय्यूबभाईंनी याकुबूचे बूट बाहेर काढले. तरी भार होईना कमी. मग सिदराचे स्वेटर गेले, चपला गेल्या, उशी तर केव्हाच गेली होती.

"बाबा, मी घालू काय तिकडे?"

"मस्कतला चपला मिळतात. नफिसाची चटणी मिळते काय?"

संध्याकाळी जीप निघाली. वडखळच्या नाक्यावर गाड्या खोळंबल्या होत्या, आणि त्या गर्दीत प्रविण व रोहिणी हात हलवीत उभे. सिदराने फोनवर सर्व हकिकत सांगितल्यापासून शिफ्टमधील मंडळींस खाल्लेले पचेना झाले होते. त्यांनी पेणच्या पोह्याच्या पापडांची भली थोरली थप्पी खिडकीतून आत सारली. "ही भरपाई," प्रविण म्हणाला. "खालांना सांगा, चटणी जबरदस्त होती." रोहिणीने सिदराच्या कानाशी लागून सांगितले, "वाटेत याला उघडू देऊ नको गो!"

मस्कतच्या विमानतळावर फैजल, नावेद व मोहल्ल्यातील इतर पोरे उभी होती. झाला प्रकार त्यांना कळवू नये अशी आयांची सक्त ताकीद होती. दरवाजा सरकला. त्या प्रचंड गर्दीत, सर्वांच्या माथ्यावरून दिसणारा तो सदरा डोलत डोलत बाहेर आला. फैजलचे लक्ष आधी सिदराकडे गेले नाही, बॅगेकडे गेले नाही. तो सरळ येऊन याकुबूच्या उजव्या बाहीला बिलगला.

"ही माझ्या आईची ओढणी!"

"पाठीवर आमची चादर!" दुसरा मागून ओरडला.

नावेदने तर खिशाला मिठी मारली. "फुफाजींची लुंगी! फुफीने हीसुद्धा लांबवली!"

याकुबू दोन्ही हात पसरून, अंगणातल्या फणसासारखा निश्चल उभा राहिला. कोणी बाही धरली, कोणी घेर. सिदरा बॅगेवर बसली, अनवाणी, कारण तिच्या चपलेची पट्टी त्याच वेळी तुटली होती आणि दुसरा जोड रोह्यास राहिला होता. ती इतकी हसली की पहाऱ्यावरचा शिपाई चौकशीस आला.

"हे तुमचे कोण?" त्याने पोरांना विचारले.

"आमचे दुलाभाई," पोरे एकसाथ म्हणाली, जणू तो प्रत्येकाच्या सख्ख्या बहिणीचाच नवरा.

येथे ही कथा पूर्ण होते. माझे शिक्षण बेताचे आहे; शब्दात जेथे उणे पडले असेल तेथे आपल्या मोठ्या मनाने भर घालावी. आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल सर्व वाचकांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
काळुराम मोरू म्हात्रे
मु. जोहे, ता. पेण, जि. रायगड