उचलून लोटायचं दार

मी एक जुनी चौकट आहे, मित्रांनो. मुखेडमधल्या अर्जुनरावांच्या घराच्या पुढच्या दाराची. हल्ली फार बोलावंसं वाटत नाही. पण तुम्ही रोज कुठल्या ना कुठल्या चौकटीतून आत-बाहेर करता, म्हणून सांगते.

मी किनवटकडच्या सागाची. नांदेडच्या लाकडाच्या अड्ड्यावर माझा ओंडका दुसऱ्या प्रतीच्या ढिगात पडला होता. सरळ, बिनगाठीचे ओंडके वेगळे ठेवलेले. माझ्यात गाठी होत्या आणि एका अंगाला पांढरा पट्टा होता. व्यंकट सुतारांनी अर्जुनरावांना समजावलं, की आतला तांबूस भाग म्हणजे गाभा, त्याला वाळवी सहसा शिवत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड कच्चं, वाळवी तिथूनच सुरुवात करते. ते कापून टाकलं तर चौकट बारीक होईल, ठेवलं तर सांभाळावं लागेल. अर्जुनरावांची बायको मंजुळाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांभाळू की." तिथंच माझं ठरलं.

मला कापलं तेव्हा मी ओली होते. ओलं लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असं रचून ठेवावं लागतं. निदान एक उन्हाळा जाऊ द्यावा लागतो. पण चौकट उभी करायचा मुहूर्त निघाला होता आणि पाहुण्यांना निरोप गेले होते.

"मुहूर्त काय लाकडाला इचारून काढतेत का, वैनी?" व्यंकट म्हणाले.

"लाकडाला सासरा नसतो, व्यंकटभाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या. "मला हाय. करा उभी."

भिंतीकडच्या अंगाला डांबर लावलं, वर आंब्याचा डहाळा बांधला, हळदीकुंकू लावलं आणि मी उभी राहिले. पुढच्या उन्हाळ्यात मी भिंतीतच वाळले आणि वाळता वाळता पिळले. तेव्हापासून दार सरळ लागत नाही. कडीला धरून थोडं उचलायचं, खालून पायानं लोटायचं, मग ते बसतं. ही युक्ती मंजुळाबाईंनी शोधली. व्यंकट एकदा रंधा घेऊन दार तासायला आले होते. बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "राहू द्या. दार लोटलं की कळतंय, घरचं हाय का परकं."

दिवाळीच्या आधी त्या मला जवसाचं तेल लावत. उजव्या बाजूला एकदा, डाव्या पांढऱ्या बाजूला दोनदा. वाळवीची मातीची रेघ वर चढताना दिसली की खरवडून औषध घालत. आलेला माणूस म्हणे, चौकट कशी नव्यासारखी दिसते. अर्जुनराव बाजेवर बसून बघत. दार लावायचं कामही मंजुळाबाईंचंच. अर्जुनरावांना ते कधी लावावंच लागलं नाही.

मग मंजुळाबाई आजारी पडल्या. लातूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा माझ्यावर हात टेकून, थांबून, मग बाहेर पडल्या. परत आल्या त्या चौघांच्या हातांवर.

त्या दिवाळीला तेल लागलं नाही. पुढच्याही नाही. अर्जुनराव दार नुसतं पुढं ओढून त्याला वीट लावत. डाव्या बाजूनं वाळवी चढत होती. ते समोरच बसलेले असत, पण त्यांना ती दिसत नव्हती.

लातूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा वैजनाथ आला आणि त्यानं डाव्या बाजूला बोट लावलं. बोट आत गेलं. तो रागावला नाही. ग्रॅनाइटची चौकट बसवू म्हणाला, लोखंडी दार लावू. वाळवी नको, तेल नको. बाबा एकटे असतात, दार तर नीट लागलं पाहिजे. त्याचं खोटं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही दमले होते. काढलं तर चुलीत जाऊ, सुटू, असं वाटायचं.

ठरल्या दिवशी व्यंकट पहार घेऊन आले. त्यांनी पहार भिंतीला लावली तसे अर्जुनराव बाजेवरून उठले.

"सगळीच गेली का, व्यंकट?"

व्यंकटनी पटाशीनं ठोकून पाहिलं. "डावी खालून वीतभर गेली. वर गाभा हाय. उजवीला काय झालं न्हाई."

"मग वीतभरच काढ."

"बाबा, तेल कोण लावणार?" वैजनाथनं विचारलं.

अर्जुनरावांनी वाकून डावी बाजू पाहिली. मग म्हणाले, "मी हाय की."

व्यंकटनी कुजलेला तुकडा कापला, औषध ओतलं, वाळलेल्या गाभ्याचा जोड दिला आणि त्याच्या बुडाला डांबर लावलं. मग सवयीनं रंधा उचलला. अर्जुनरावांनी दारावर हात ठेवला. "ह्याला लावू नको."

संध्याकाळी सगळे गेले. अर्जुनरावांनी वीट बाजूला सारली आणि दार लोटलं. अडकलं. मग उचललं, पण पाय लावायचा राहिला. मग दोन्ही केलं. दार बसलं. कडीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा लाकडाला वाळू द्या. मुहूर्त पुन्हा निघतो. गाभा कुठला आणि पांढरं कुठलं ते आधी बघून घ्या, आणि पांढरं ठेवलंत तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. ज्याच्या हाताला त्या कामाची सवय आहे त्याच्याकडून शिकून घ्या, तो माणूस घरात आहे तोवर.

मी अजून दमलेलीच आहे, पण उभी आहे. डाव्या बाजूला खाली आता पांढरं लाकूड उरलेलं नाही. तरी अर्जुनराव तिथं दोनदा तेल लावतात.