अध्यक्षांचा अलेक्टोरोफोबिया

दुष्काळानं ज्वारी नेली तेव्हा सरकारनं सांगितलं, कोंबड्या पाळा. माकणीशेजारच्या एका गावात लगोलग कुक्कुटपालन सहकारी संस्था उभी राहिली आणि हरिबा बिनविरोध अध्यक्ष झाले. ते कोंबडीला भितात, हे मालनबाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. आणि नवऱ्याची अब्रू बाईंनी झाकली होती; घरच्या कोंबड्या खुराड्यात कोंडायचं काम मात्र त्याच्याकडंच ठेवलं होतं.

तेव्हापासून शेडचा कारभार हरिबा रस्त्यावरूनच बघत. यंदाच्या सभेत खुर्चीवर डोळा असलेला सभासद कोंडिबा नेमकं हेच उकरणार, अशी कुणकुण लागली. खुर्ची हलताना दिसली तसे हरिबा मुरुमच्या डॉक्टरांकडं गेले.

डॉक्टर हसले नाहीत. "याला अलेक्टोरोफोबिया म्हणतात. ग्रीक शब्द आहे. अलेक्टोर म्हणजे कोंबडा, फोबिया म्हणजे भीती. मधला ओ नुसता दोघांना जोडायला."

"म्हंजी ओ दलाल हाय."

जीभ 'टोरो'पाशी अडायची. हरिबांनी आधी अलेक्टोर पक्का केला, मग फोबिया, आणि शेवटी दलाल घालून सौदा जुळवला. नवरा अचानक जपाला लागला म्हणून मालनबाई धास्तावल्या.

सभेत कोंडिबा उठलाच. "अध्यक्षसाहेब, शेडात तुमचं पाऊल कसं पडत न्हाय?"

हरिबा खाकरले. "मला अलेक्टोरोफोबिया हाय."

एवढ्या लांबीचा आजार गावात कुणाला झाला नव्हता.

"लई दुखतं का?" सभासद पुतळाबाईंनी मायेनं विचारलं.

"कोंबडी जवळ आली की."

"म्हंजी काय असतंय ते तर सांगा," कोंडिबा म्हणाला.

"ग्रीक हाय. निम्मा शब्द कोंबड्याचा हाय." हरिबा खोटं बोलले नाहीत. उरलेला निम्मा कुणी विचारला नाही.

सभासदांचे चेहरे उतरले. गेल्या उन्हाळ्यात मानमोडीची साथ येऊन अर्ध्या कोंबड्या मेल्या होत्या.

"अगं बाई, म्हंजी हे कोंबड्यांना लागतंय!" पुतळाबाई ओरडल्या. "तरीच बिचारे लांब ऱ्हातेत!"

"मग खुर्ची सोडा म्हणावं," कोंडिबा म्हणाला.

"दुखणेकऱ्याची खुर्ची काढतोस व्हय रे? लाज वाटू दे," पुतळाबाईंनी झापलं.

सगळी सभा कोंडिबाकडं बघू लागली. त्यानं घाईनं दुसराच ठराव मांडला: अध्यक्षांनी यापुढं कोंबडीच्या जवळपास फिरकू नये. एकमतानं मंजूर.

हरिबांनी मान खाली घातली. "सभेपुढं माझं काय चालतंय," ते जड आवाजात म्हणाले. मग सचिवाकडं वळले. "बलभीम, ठरावात आमच्या घरच्या कोंबड्या पण घ्या. आमच्या मंडळींना तोंडी सांगून पटत न्हाय."