वालाच्या पानावरची पट्टी

दोनच्या तासाला आगाशे मास्तरांपुढे प्रयोग करून दाखवायचा होता, आणि एक वाजून गेला तरी वालाची कुंडी शाळेत पोचली नव्हती. शकुन फाटकाशी रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. सकाळची भाकरी तिने तशीच ठेवली होती.

साल एकोणीसशे छत्तीस. अमरावतीच्या त्या हायस्कुलात नववीला मुली दोनच. एक वकिलांची सत्यवती आणि दुसरी शकुन, भातकुलीच्या रस्त्यावर भाजीची वाडी करणाऱ्या जानराव माळ्याची. मास्तरांनी गट पाडले, तेव्हा या दोघींत ओमप्रकाश आला. पान उन्हात स्टार्च तयार करतं, ऊन अडवलं तर करत नाही, हे तिघांनी मिळून सिद्ध करायचं होतं. मंगळवारी शकुनने वालाच्या एका पानावर मधोमध काळ्या कागदाची पट्टी टाचली. ओमप्रकाशने तक्ता काढला. सत्यवतीने भाषण पाठ केलं. बोलायचं तिनेच, असं आधीच ठरलं होतं. मास्तर पुण्याचे, आणि शकुनच्या तोंडून 'मले-तुले' निघालं की वर्ग खिदळायचा.

अखेर तिची आई मनकर्णा डोक्यावर टोपली घेऊन आली. मेथीच्या जुड्यांत कुंडी होती. पानावर कागद नव्हता.

"आई, कागद कुठी गेला?"

"थो काया कागद? म्या सकायीच काढून फेकला. भाजी खुडाले बसली तवा दिसला. कोणं करणी केली का काय, मले तं धाकच पडला." मग लेकीचा चेहरा पाहून ती चपापली. "काहून वं, रडून काहून राहिली?"

कागदाचं सांगायचं शकुनच विसरली होती. आता कोणाला काय बोलणार?

ओमप्रकाशने ऐकलं आणि मेणबत्तीचा तुकडा तिच्या हातात कोंबला. "पट्टीच्या जागी हे घास. आयोडीननं स्टार्च काळा पडते, पण मेणावर आयोडीन चढत नाही. पान फिकं दिसते, कोणाले काय समजते?"

"घास," सत्यवती म्हणाली. "माझं भाषण आता बदलणार नाही."

तास सुरू झाला. सत्यवती खणखणीत बोलू लागली. शकुनने पान आधी पाण्यात उकळलं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या भांड्यात सोडलं. हिरवा रंग उतरला, पान पिवळट पडलं. तिने ते बशीत पसरलं. सगळे तक्त्याकडे पाहत होते. घासायचं तर आत्ताच. मुठीत मेण मऊ झालं होतं. पान फाटेल, मास्तर पाहतील. तिने मेण परकराच्या ओच्यात टाकलं आणि थेट आयोडीनचे थेंब सोडले. हा प्रामाणिकपणा होता की नुसती भीती, हे तिला पुढेही कधी सांगता आलं नाही.

पान सगळं काळंनिळं झालं.

"आणि पाहा, झाकलेला भाग फिकाच राहिला," सत्यवती म्हणाली.

मास्तर वाकले. "कुठे आहे फिका?"

वर्गात हशा पिकला. सत्यवतीचा चेहरा उतरला. ओमप्रकाश खिडकीबाहेर पाहू लागला. शकुनने बशी मास्तरांपुढे सरकवली.

"सर, आईनं सकायीच कागद काढला. मग पानाले ऊन भेटलं. टोपलीत, रस्त्यानं, दुपारपर्यंत. तेवढ्यात त्यानं स्टार्च करून घेतला."

'पानाले' ऐकून मागच्या बाकांवर पुन्हा हसू फुटलं. मास्तरांनी नुसतं पाहिलं, तशी मागे शांतता झाली.

"सकाळी त्या जागी स्टार्च नव्हता, हे कशावरून?"

वर्ग तिच्याकडे पाहत होता. "माहीत नाही, सर. पाहिलंच नाही."

"मग हे तुझं अनुमान. प्रयोग नव्हे." मास्तरांनी वही मिटली. "आज गुण नाहीत. पुढच्या शुक्रवारी दोन पानं आण, एकाचा कागद सकाळी काढलेला, दुसऱ्याचा तसाच. आणि बोलायचं तू."

आठवडाभर सत्यवती तिच्याशी धड बोलली नाही. गुरुवारी मात्र मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "म्हणून दाखव एकदा. मी ऐकते."

शुक्रवारी मनकर्णा स्वतः दोन्ही पानांवर पहारा करत आली. पहाटे तिने लेकीने सांगितल्याप्रमाणे एकाचाच कागद काढला होता. बशीत एक पान पूर्ण काळं झालं, दुसऱ्यावर फिकी पट्टी स्पष्ट उठली. शकुन तीन वेळा अडखळली, दोनदा 'पानाले' म्हणाली.

मास्तरांनी तिघांना दहापैकी सहा गुण दिले.