पाच मिनिटांचं कुलूप

पंचाक्षरी डिझायनरला मालकांनी सकाळी साडेदहाला कामावरून काढलं. तो निघून गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर तसाच चालू होता.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात उत्कर्षा चलनं आणि हजेरी बघायची. दुसऱ्या एका कारखान्याच्या टॉवेलवर आपल्याच मोराची नक्षी दिसली म्हणून चन्नप्पा मालक भडकले होते. "डिझाइन तूच विकलंस. ऊठ." पंचाक्षरी "मी न्हाय विकलं" एवढंच म्हणाला आणि डबा उचलून चालू लागला. मग मालक उत्कर्षाला म्हणाले, "तू बस तितं. पासवर्ड त्याच्याजवळच हाय. कॉम्प्युटर लॉक होऊ देऊ नको."

पाच मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप लॉक व्हायचा. एकदा लॉक झाला की आठ वर्षांच्या नक्ष्या आत अडकणार. उत्कर्षानं दुरुस्तीवाल्या सुबोधला फोन लावला.

"सेटिंगमध्ये जाऊन लॉकची वेळ बदला," तो म्हणाला.

"गेले. ते फिकट दिसतंय, दाबलंच जात नाही."

"मग मेन पासवर्ड लागणार. पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या."

"पेनड्राइव्ह चालत नाही. डिझाइन बाहेर जाऊ नये म्हणून मालकांनीच बंद करायला लावलंय. हे लॉकही त्यांनीच सांगितलेलं. आणि नेट नाही याला."

"मी पंढरपुरात आहे, यायला संध्याकाळ होईल. तोवर माउस हलवत राहा."

ती माउस हलवत राहिली. मध्ये कीबोर्डवर स्टेपलर ठेवून पाहिला, तर नक्षीत भलत्याच ठिकाणी ठिपके उमटायला लागले. घाबरून तिनं तो काढला आणि ठिपके एकेक करून पुसले. खोलीला खिडकी नव्हती. डिझाइनच्या खोलीत दुसऱ्या कुणाला यायची परवानगी नव्हती. भिंतीपलीकडे माग धडधडत होते. पाणी प्यायचं तिनं अकरालाच बंद केलं. डबा डाव्या हातानं खाल्ला. एक वाजल्यापासून ती पाय आवळून बसली होती, आणि डोळे पडद्यावरच्या घड्याळावर होते.

दोनला मालक डोकावले.

"मालक, मला बाथरूमला जायचंय."

"थांब की जरा."

"साडेतीन तास थांबलेय. तुम्ही बसा, नाहीतर लॉक होऊ दे."

आपण असं बोललो याचं तिलाच नवल वाटलं. मालक तिच्याकडे बघत राहिले आणि मग खुर्चीत बसले.

तोंड धुऊन ती अंगणातल्या पत्र्याच्या सावलीत उभी राहिली. परत जायला पाय उचलेना. आत मालकांच्या केबिनमध्ये फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. कुणी उचलत नव्हतं. ती परतली तेव्हा मालकांचा हात माउसवर होता आणि कपाळावर घाम.

"बस की हितं."

"नाही मालक. माझी चलनं राहिलीत."

केबिनमधला फोन पुन्हा वाजला, मालकांनी तिकडे पाहिलं. मग म्हणाले, "पंचाक्षरीला फोन लाव."

तिनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पासवर्ड पायजे," मालक म्हणाले.

"देतो की. आधी सांगा, मी चोर हाय का?"

मालकांचा हात थांबला.

"टॉवेल बाजारात विकला जातो, मालक," पंचाक्षरी शांतपणे म्हणाला. "इकत घेऊन कुणीबी नक्षी उतरवतो. मला विचारायचं तरी."

मिनिटं जात होती. उत्कर्षाचा हात माउसकडे गेला आणि तिनं तो मागे घेतला. पडदा काळा झाला, त्यावर पासवर्डची पांढरी चौकट आली.

मालक चौकटीकडे बघत म्हणाले, "न्हाईस तू चोर. माजं चुकलं."

पंचाक्षरीनं एकेक अक्षर सांगितलं, उत्कर्षानं टाईप केलं. कॉम्प्युटर उघडला.

"उद्या येतोस का?" मालकांनी विचारलं.

"हितं न्हाय जमायचं आता. पण उत्कर्षाताईला दोन दिवस शिकवून जाईन."

तो फोनवर होता तोवरच उत्कर्षानं त्याला मेन पासवर्डही विचारून सेटिंग उघडलं आणि लॉकची वेळ तासाभराची केली. मालकांनी ते पाहिलं. ते उठून केबिनमध्ये गेले.

पंचाक्षरी शब्दाप्रमाणे दोन दिवस येऊन शिकवून गेला. त्या खुर्चीत आता उत्कर्षा बसते. उठायचं असलं की उठते, कुणाला विचारत नाही.