सुकाणूची पिन

खंडूने पिनवरचा लाल रंग फडक्याने पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. पोलादात केसाएवढी चीर असली तरी दहा मिनिटांत तिथे लाल रेघ उमटते. मरोळच्या या वर्कशॉपमध्ये त्याने चाळीस वर्षं असेच सुटे भाग पास-नापास केले होते. पण रेघ उमटावी म्हणून डोळे लावून बसायची वेळ त्याच्यावर आज पहिल्यांदाच आली होती.

पिन किरणच्या, त्याच्या मुलीच्या होडीच्या सुकाणूची होती. बारा वर्षं दुसऱ्यांच्या शिडाच्या होड्यांवर काम करून किरणने स्वतःची एक जुनी, सत्तावीस फुटी होडी घेतली होती. गेलं वर्षभर मनोरीच्या खाडीकाठी ती होडीच्या मागे लागली होती. कुजके दोर काढले, नवं शीड चढवलं, पाण्याच्या टाक्या बसवल्या. आठवड्याभरात ती एकटी सेशेल्सला निघणार होती. महिनाभर चहूकडे नुसतं पाणी. बायको गेल्यापासून घरात दोघंच उरली होती. खंडूला पोहता येत नव्हतं, आणि होडी बघायला तो एकदाही गेला नव्हता.

पंधरा मिनिटं झाली. पावडर पांढरीशुभ्रच राहिली.

त्याने फोन लावला.

"किरण, चीर आहे गं."



"नवी करता येईल, पप्पा?"

"असलं पोलाद मिळायलाच दोन महिने जातील."

तोवर वारा उलटतो, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. म्हणजे पुढचं वर्ष.

"बरं," ती म्हणाली. "सामान उतरवते मग."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी ती घरी आली, जेवली, स्वतःचं ताट घासून ठेवलं. भिंतीवरचा समुद्राचा नकाशा काढून तिने त्याची घडी केली. खंडूने टीव्हीचा आवाज वाढवला, पण बातम्या काय चालल्या होत्या ते त्याला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही त्याने वर्कशॉप उघडलं. मागच्या रॅकवर पोलादाचा दांडा पडलेलाच होता. तो त्याने लेथला लावला. माप तीनदा घेतलं. दुपारपर्यंत नवी पिन तयार झाली, तेव्हा तिच्यावरही लाल रंग लावला, पुसला, पावडर मारली आणि घड्याळ लावून थांबला.

मग रिक्षाने मार्वेला जाऊन त्याने फेरीबोट धरली. पाच मिनिटांच्या त्या खाडीत त्याने कठड्यावरचा हात काढला नाही.

किनाऱ्यावर टेकू देऊन उभी केलेली होडी त्याला लांबूनच दिसली. किरण तिच्यातून डबे खाली ठेवत होती. बापाला बघून ती थबकली.

"घे," त्याने नवी पिन पुढे केली.

"आणि जुनी?"

त्याने ती खिशातून काढली. "हिला काहीच झालेलं नव्हतं."

"ठाऊक आहे. तुमच्याकडे आणायच्या आधी मीच तपासली होती."

"मग सामान का उतरवतेस?"

"तुम्ही पास केली नव्हती ना."

खंडूने मान वळवली. खाडीला भरती लागली होती. मग त्याने चपला वाळूत काढल्या आणि होडीला लावलेली शिडी दोन्ही हातांनी हलवून पाहिली.

"झोपायची जागा कुठाय तुझी?" तो म्हणाला. "दाखव."